डाव्या बटणाचा जोर

“बाई, डावीकडचं बटण जोरात दाबलं की गोळी वर जाते,” पिनबॉलच्या मशिनीपुढून देवस्थळी मास्तर म्हणाले. “हळू दाबलं तर अर्ध्यातून परत फिरते. उजवीकडे मात्र काही फरक पडत नाही. मी करून पाहिलंय.”

मी काउंटरमागे टोकनं पुसत होते. माझा हात तिथल्या तिथे थांबला.

एअरगनच्या छऱ्यांचा डबा खुळखुळवत मुरलीधर पलीकडून हसले. “मास्तर, भिंतीवर काय लिवलंय ते वाचा की. अक्षर माझंच हाय.”

भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं: ‘बटण हळू दाबावे. जोरात दाबल्याने गोळी जोरात जात नाही. हुकुमावरून.’ हुकूम कुणाचा, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

“दिव्याचं बटण जोरात दाबलं म्हणून दिवा जास्त उजेड देतोय का?” मुरलीधर म्हणाले. “आत नुसती पत्र्याची पट्टी हाय. पट्टीला पट्टी टेकली, वीज गेली, पातं उडालं. मग मुंगीनं दाबू दे नायतर हत्तीनं.”

“नियम तुमचा बरोबर आहे. म्हणून तर सांगतो. जोराचा परिणाम व्हायला नको, आणि होतोय. म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.”

“बिघडलं तर फ्यूज उडंल की! फ्यूज कशाला ठेवलाय मग?”

हे ऐकून मी फडकं खाली ठेवलं. मी वर पाहिलं. माळ्यावर माझी चार वर्षांची छबी दुपारची झोपली होती, आणि माळ्यावर जायची एकच लाकडी शिडी त्या मशिनीच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून उभी होती.

मुरलीधर म्हणजे आमचे हे. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण नाव घेतल्याशिवाय कोण काय बोललं ते कळायचं नाही, म्हणून इथे घेते. गोष्ट एक्याऐंशी सालच्या मे महिन्याची, पाचगणीची. बाजारात कासुर्डे मालकांचं लॉजिंग होतं आणि त्याच्या मागच्या लाकडी शेडमध्ये त्यांनी पाहुण्यांसाठी खेळ मांडले होते. दोन कॅरम, फुगे फोडायची एअरगन आणि मुंबईहून जुनं आणलेलं ते पिनबॉलचं मशीन. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर दिवे आणि घंट्या. स्टीलची गोळी वरून घरंगळत यायची आणि खालच्या भोकात पडायच्या आत ती दोन पात्यांनी परत वर उडवायची. डाव्या पात्याचं बटण मशिनीच्या डाव्या कुशीला, उजव्याचं उजव्या. एवढाच खेळ, पण माणसं घाम येईस्तोवर खेळायची. घाम येईस्तोवर बटणं ठोकायची, म्हणून तर ती पाटी.

मुरलीधर तिथले मेकॅनिक. मी काउंटरवर बसायचे. बाईमाणूस अशा ठिकाणी बसवायला कासुर्डे मालकांचा सक्त विरोध होता. “मशिनीला हात लावला आणि काय बिघडलं तर?” असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मुरलीधर त्यांना म्हणाले, “मालक, ती मशीन माझ्यापरीस चांगली वळखती.” पाच माणसांसमोर म्हणाले. लग्नात मंगळसूत्र घातलं तेव्हा वाटला नसेल एवढा अभिमान मला त्या दिवशी वाटला होता.

मी डावखुरी. सासूबाई होत्या तोवर त्यांना ह्याचं मोठं दुःख. मी देवापाशी वाती वळायला बसले की म्हणायच्या, “हिच्या वातीला पीळ उलटा. देवाला चालतंय का नाय, कोण जाणे.” मुरलीधर जेवताजेवता म्हणायचे, “आये, उजेड तर तेवढाच पडतोय की.”

देवस्थळी मास्तर साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वर्षभरापासून ते टेकडीवरच्या सॅनिटोरियममध्ये होते. क्षय. आता उतार होता. तीन वाजता ताप बघून डॉक्टर त्यांना तासभर फिरायला सोडायचे आणि मास्तर फिरायच्या नावाखाली आमच्याकडे येऊन तीन टोकनं खेळायचे. भर मे महिन्यात गळ्याला मफलर आणि खिशात शंभर पानी वही. माणूस इतका हळू खेळायचा की बघताना झोप यावी. जोर लावायला अंगात जोर होताच कुठे? पण त्या मशिनीपुढे धटिंगण आणि मास्तर सारखेच, म्हणून त्यांना ते आवडायचं, असं ते एकदा म्हणाले होते.

मला त्यांची भीती वाटायची. त्यांची म्हणजे त्यांच्या खोकल्याची. त्यांनी हात लावलेली टोकनं मी वेगळ्या वाडग्यात, डेटॉलच्या पाण्यात टाकायची. आणि छबीला बजावून ठेवलं होतं, “त्या मास्तरांच्या जवळ जायचं नाय. त्यांनी बोलावलं तरी जायचं नाय. गेलीस तर तुला पण डॉक्टर रोज सुई टोचंल.” पोरगी त्यांना बघितलं की माझ्या पदरात तोंड लपवायची. एकदा मास्तरांनी तिच्यासाठी पानाच्या द्रोणात तुती आणल्या. छबी काही पुढे झाली नाही. त्यांनी द्रोण काउंटरवर ठेवला, आणि ते मशिनीकडे वळल्यावर मी तो हळूच केरात टाकला. त्यांनी ते काचेत पाहिलं असावं. पुन्हा कधी काही आणलं नाही.

आता फ्यूजचं सांगते, कारण तेच तर मला जाळत होतं.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात मुरलीधर चुलत्यांच्या दहाव्याला वाईला गेले होते. मी एकटी होते, आणि नेमकी त्याच दिवशी एका शाळेची सहल आली. चाळीस-पन्नास पोरं. मशीन बंद पडलं. मागचं दार उघडून फ्यूज बदलायला मुरलीधरनीच शिकवलं होतं. काचेची लहानशी नळी, आत केसासारखी तार. बदलला. दहा मिनिटांत उडाला. पुन्हा बदलला, पुन्हा उडाला. डबीतले फ्यूज संपले. पोरं बोंबलायला लागली, मास्तरीणबाई टोकनं परत घ्या म्हणाल्या, आणि खिडकीतून कासुर्डे मालक इकडेच बघत होते.

घरच्या मीटरवरचा फ्यूज उडाला की सगळेच तार घालतात. मीही घातली. जुन्या इस्त्रीच्या वायरीतले सात-आठ पदर काढले, मांडीवर वातीसारखे वळले आणि जळक्या फ्यूजच्या नळीभोवती गुंडाळून नळी परत चापात बसवली. मशीन लख्ख पेटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी हे आले. “काय तरास झाला का गं?”

“नाय.”

एवढंच म्हणाले मी. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. मशीन झकास चालत होतं, फ्यूज उडायचा म्हणून नव्हता. मग सांगायची वेळ निघून गेली. आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हा प्रश्न आधी येणार. आणि कासुर्डे मालकांच्या कानावर गेलं तर? ज्यांनी पाच माणसांत माझी बाजू घेतली त्यांच्या तोंडाला मीच काळं फासणार. मी गप्प बसले.

आणि आता मास्तर म्हणत होते की डावं बटण जोर मागतंय.

त्या सोमवारपासून माझी झोप उडाली. मास्तर रोज येत, डाव्या पात्याने वीस वेळा हळू आणि वीस वेळा जोरात गोळी मारत, आणि वहीत लिहीत. डाव्या बाजूला पाच दिव्यांची एक रांग होती. सोमवारी हळू मारलेली गोळी चौथ्या दिव्यापर्यंत गेली. बुधवारी तिसऱ्यापर्यंत. शुक्रवारी त्यांनी वही काउंटरवर माझ्यापुढे सरकवली. मी अंग चोरून लांबूनच वाचलं.

“दुसरा दिवा,” मास्तर म्हणाले. “बाई, मुरलीधरपंत मला आजारी माणूस समजून हसतात. हसू देत. पण तुम्ही तिथे हात लावून बघा.”

ते गेल्यावर मी बटणाखालच्या लाकडाला हात लावला. डावा हात. लाकूड कोमट होतं. कुणी नुकतंच उठून गेलेल्या पाटासारखं. नाक जवळ नेलं तर वास आला, कढई जास्त तापल्यावर येतो तसा. उजव्या बाजूला जाऊन हात लावला. तिथे थंडगार.

रात्रभर मला तोच वास येत राहिला. उशीला येत होता, छबीच्या केसांना येत होता. शनिवारी पहाटे चहाच्या वेळी मी धीर केला.

“अहो, ते मशीन दोन दिवस बंद ठेवूया का?”

“शनवार-रविवारी?” मुरलीधरनी कप खाली ठेवला. “मालक मलाच बंद करून ठेवतील. सीझन संपू दे, जूनला सगळं खोलतो.”

“नाय, मास्तर म्हणत होते...”

“मास्तर भला माणूस हाय गं, पण त्येला दुसरा उद्योग नाय.”

“फ्यूज...” मी म्हणाले.

“फ्यूजचं काय?”

ते माझ्याकडे बघत होते. कपाळावर आठी नव्हती, आवाजात राग नव्हता. आजही मला वाटतं, तेव्हा ते चिडले असते तर मी बोलून गेले असते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि त्या विश्वासाचीच मला भीती वाटली.

“काय नाय. चांगला हाय ना?”

“चांगला नसता तर मशीन चाललं असतं का?” असं म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पैरणीच्या खिशात टाकला आणि ते शेड उघडायला गेले. मशिनीच्या मागच्या दाराची किल्लीही त्यातच.

मी ठरवलं, रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरली की किल्ली मागून घ्यायची आणि तार काढून टाकायची. मग मशीन बंद पडेल, हे उघडतील, आणि माझं पाप कुणाला कळणारही नाही. तोवर छबीला माळ्यावर झोपवायचं नाही. शनिवारी तिला काउंटरखाली गोधडी घालून दिली. एअरगनच्या आवाजाने ती चारदा दचकून उठली. रविवारी तर झोपेनाच, रडून रडून लाल झाली. दोन वाजता मुरलीधर आले आणि तिला खांद्यावर टाकून म्हणाले, “पोरीला हितं धुळीत कशाला ठेवतीस?” आणि शिडी चढून तिला वर निजवून आले.

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी चार टोकनं मागितली.

त्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पिनबॉलपुढे मुंबईचा एक जाडजूड पाहुणा होता, शेजारी नवी नवरी. त्याने एक युक्ती शोधली होती. डावं बटण दाबून धरायचं, म्हणजे पातं वर राहतं आणि गोळी त्याच्या खोबणीत अडकून बसते. मग हवा तेवढा वेळ घेऊन नेम धरायचा. तो बटण दाबून धरून बायकोकडे वळून गप्पा मारत होता. मी काउंटरवरून बघत होते. मनात आकडे चालले होते. पाच, दहा, वीस. सोड रे बाबा. सोड.

मास्तर दारात आले. मफलर सोडवताना त्यांनी ते पाहिलं, आणि त्या माणसाने आयुष्यात कुणावर आवाज चढवला असेल की नाही, पण तेव्हा ओरडले.

“सोडा ते बटण! दाबून धरू नका, सोडा!”

पाहुणा चिडला. “काय हो, टोकन टाकलंय मी.” आणि हट्टाने आणखी घट्ट दाबून धरलं.

मशिनीच्या पोटातून आधी एक गुरगुर आली. मग काचेखाली धूर दिसला, पिवळसर, दाट. पाहुण्याने हात झटकला, पण बटण सुटलं तरी पातं खाली आलं नाही. वरचे दिवे एकदम ढणढणले आणि मशिनीची डावी कूस आतून फुटल्यासारखी वाजली. बायका किंचाळल्या. सगळे दाराकडे धावले. शिडीला आडोसा म्हणून लावलेला माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा खालच्या टोकाला पेटला.

“छबे!” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“मेन! बाई, आधी मेन बंद करा!” मास्तर ओरडत होते.

मेन स्विच काउंटरच्या मागे, लोखंडी डब्यात. त्याचा दांडा गंजलेला. मी डाव्या हाताने ओढला, हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळले. पलीकडे मुरलीधर वाळूची लाल बादली घेऊन माणसांना ढकलत येत होते, पण दाराकडे लोंढा आणि हे उलटे. शेवटी दांडा खाडकन खाली आला, सगळे दिवे गेले, आणि मी वळून बघते तर मास्तर शिडीच्या वरच्या पायरीवर. पडदा त्यांनी ओरबाडून खाली टाकला होता. एका हाताने मफलर तोंडावर धरून ते धुरात शिरले.

मी शिडीखाली पोचले. मशिनीची कूस जळत होती, झळ तोंडाला लागत होती. वरून खोकला ऐकू आला. तो थांबेचना. मग मास्तरांचा आवाज, फाटलेला.

“बाई! ती येत नाहीये माझ्याकडे! पोत्यांमागे जाऊन बसलीये. मला हात लागत नाही तिथे!”

माझी पोर धुरात कोपऱ्यात दबून बसली होती, कारण तिच्या आईने तिला सांगितलं होतं, त्या मास्तरांनी बोलावलं तरी जायचं नाही. लेकरू शहाणं. आईचं ऐकत होतं.

“छबे!” मी होता नव्हता तो जीव गोळा करून ओरडले. “मास्तरांकडे जा! जा बाळा! मास्तर चांगले हायेत! आई खोटं बोलली! ऐकतीस का, आई खोटं बोलली! जा त्यांच्याकडं!”

वर काही हललं नाही. मी मोजलं नाही, पण तो वेळ मी अजूनही भोगते आहे. मग बारीक आवाज आला, “सुई टोचत्यात?”

“नाय टोचत! कुणी नाय टोचत! जा!”

मुरलीधरनी वाळू फेकली. दुसरी बादली आली, तिसरी आली. आणि शिडीवर दोन लांब पाय दिसले, मग मळलेलं धोतर, मग मास्तरांच्या गळ्याला मिठी मारलेली छबी. तिचं तोंड त्यांनी मफलरमध्ये गुंडाळलं होतं. स्वतःच्या तोंडाला काही नव्हतं. खाली उतरल्यावर त्यांनी तिला माझ्या हातात दिलं, दोन पावलं चालले आणि भिंतीला धरून बसले. खोकताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रुमाल लाल झाला.

आग अर्ध्या तासात विझली. शेड वाचलं, मशीन गेलं. मास्तरांना सॅनिटोरियमच्या गाडीतून नेलं. चार-साडेचारला मुरलीधर मशिनीच्या मागे बसले आणि काळं झालेलं दार पहारीने उघडलं. कासुर्डे मालक त्यांच्या डोक्यावर उभे, गावातली सात-आठ माणसं मागे. छबीला कडेवर घेऊन मीही तिथे उभी होते. मला पळून जाता आलं असतं. पाय हलले नाहीत.

मुरलीधरनी चापातून फ्यूज काढला. तांबं काळवंडलं होतं, पण वितळलं नव्हतं. एवढी जाड तार कशाला वितळते.

“ही काय?” मालक गरजले. “फ्यूजच्या जागी तार? कुणी घातली ही?”

मुरलीधरनी ती तार नखाने सोडवली आणि उजेडाकडे धरून बोटांत फिरवली. एकदा, दोनदा. वात बघावी तशी. मग त्यांनी मान वर केली आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला आगीपेक्षा जास्त भीती वाटली.

“मीच घातली,” मुरलीधर म्हणाले.

“तू? लोकांना पाट्या लिहून शिकवतोस आणि स्वतः?”

“चुकलं मालक. सीझनच्या गडबडीत घातली.”

मालकांनी त्या सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते सुनावलं. मेकॅनिक नाही, खाटीक आहेस म्हणाले. स्वतःची पोर जाळायला निघाला होतास म्हणाले. मुरलीधर खाली मान घालून ऐकत होते. मी तोंड उघडलं की कडेवरची छबी घट्ट आवळायची, आणि मी तोंड मिटायची. तिचं निमित्त नको करायला. मी भ्यायले, इतकंच खरं.

त्या रात्री घरी दिवा लावताना ते मागे येऊन उभे राहिले. मी वाट बघत होते की आता ओरडतील, हात उगारतील, काहीतरी करतील. ते म्हणाले, “पातं पुरतं वर गेलं की आतली एक पट्टी सुटाय पायजे, म्हंजे वीज कमी हुते, त्येला दम मिळतो. ती चिकटली हुती. म्हणून फ्यूज उडत हुता. तीच जादा वीज खाऊन बटणाखालची पट्टी जळत गेली आन् जोर मागाय लागली.” मग म्हणाले, “पुढच्या खेपंला उडाला तर मला सांग.” आणि जेवायला बसले. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही.

मास्तरांचा ताप महिनाभर उतरला नाही. मी छबीला घेऊन रोज डबा पोचवायची. ती त्यांच्या खाटेवर बसून त्यांच्या वहीत रेघोट्या मारायची, आणि मी तिला उतर म्हणत नव्हते. पोर आपल्याला बघून पोत्यांमागे का लपली, हे मास्तरांनी मला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दिवाळीला ते बरे होऊन साताऱ्याला गेले. आम्ही त्याच्या आधीच पाचगणी सोडली होती. मुरलीधरनी वाईला जळलेल्या पंख्यांना नवी तार भरायचं दुकान टाकलं, पण ‘तारवाला मेकॅनिक’ हे नाव घाट उतरून त्यांच्या आधी तिथे पोचलं होतं. पहिली दोन वर्षं शेजारीसुद्धा पंखा भरायला दुसरीकडे नेत.

मुरलीधर जाऊन परवा वर्ष झालं. वर्षश्राद्धाला सगळी जमली होती. जेवणं झाल्यावर बाबांच्या आठवणी निघाल्या. छबी आता पंचेचाळिशीची, तिच्या मुलाला सांगत होती, “अरे, तुझे आजोबा एवढे हुशार, पण एकदा फ्यूजच्या जागी तार घालून बसले आणि मला जवळजवळ भाजलंच त्यांनी. एका क्षयाच्या मास्तरांनी काढलं मला बाहेर.” सगळे हसले. कुणी म्हणालं, “बाबांचं आपलं चालू काम.” पुन्हा हसले. भिंतीवर त्यांचा फोटो, नवा हार घातलेला. आठी नाही, राग नाही. त्या सकाळी चहाच्या वेळी बघत होते तसेच बघत होते.

मी पाटावर संध्याकाळच्या वाती वळत बसले होते. सत्तरी आली, पण भीती तीच होती. मी वात अर्धी टाकून उठणार होते. मग बसले.

“छबे, इकडं ये.”

“काय गं आई?”

मी वात तिच्या तळहातावर ठेवली. “ह्या वातीचा पीळ बघ. कुठल्या बाजूचा हाय?”

ती हसली. “उलटा. तुझा नेहमीच उलटा असतो. आजी बोलायची ना त्यावरून.”

“तुझ्या बाबांनी त्या दिवशी मशिनीतनं तार काढली,” मी म्हणाले, “तिचा पीळ पण उलटाच होता.”